पावसातला वाख

ट्रॅक्टरच्या हूडचा फुटका तुकडा टेबलावर ठेवला, तेव्हा चीर दिसायच्या आधी वास आला. एफआरपीच्या, म्हणजे धागा घातलेल्या प्लास्टिकच्या वर्कशॉपात पाऊल टाकताच नाकात शिरतो तो रेझिनमधल्या स्टायरिनचा गोडसर, उग्र वास. हूड साच्यातून निघून तीन आठवडे झाले होते. तीन आठवड्यांनंतरही पॉलिएस्टरला असा वास मारत असेल तर रेझिन आतून पक्कं झालेलं नाही, हे यंत्राला न विचारताही सांगता येतं.

हूड काचेच्या मॅटचं नव्हतं, घायपाताच्या वाखाचं, म्हणजे तिच्या पातीतल्या धाग्याचं होतं. मालक खानापूरकडचे, वर्कशॉप बेळगावच्या उद्यमबागेत. बांधावरची घायपात कापून आणायची, पात खरवडणाऱ्या रास्पाडोर यंत्रावर वाख काढायचा, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून धुवायचा, वाळवायचा, बोटभर लांबीने कातरायचा आणि पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवायचा, असा त्यांचा धंदा. एक क्विंटल हिरव्या पातीतून जेमतेम तीन-चार किलो वाख हाती येतो, त्यामुळे माणूस हौसेने नाही, चिकाटीने यात उतरलेला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. एप्रिलमध्ये त्यांनी आमच्या चाचणी लॅबमधून नमुन्याची प्लेट तपासून नेली होती. ताणातली ताकद सरासरी ४६ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४६ न्यूटन. जूनअखेर त्याच मापाने चार हूडं केली. त्यातली दोन निपाणीकडे शेतावर गेली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यांतल्या बोल्टच्या भोकांपाशी फाटली.

"सर, ४६ तुम्हीच लिहून दिलाय," एवढंच ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यामुळेच उत्तर देणं अवघड होतं.

आमचं रोजचं काम फाउंड्रीचं. बेळगावात कास्टिंगवाले पुष्कळ, त्यांचे टेस्ट बार येतात, खेचतो, तुटतात, आकडा देतो. दाण्याची रचना बघितली, कडकपणा बघितला की संपलं. वनस्पतीच्या धाग्याचं मटेरियल वर्षातून चार-पाच वेळा येतं, आणि बहुतेक वेळा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून. घायपात, केळीचं खोड, नारळाचा काथ्या, एवढे तीन विषय आलटून पालटून. कॉस्टिक सगळे पाच टक्केच घेतात, कारण आधीच्या वर्षीच्या रिपोर्टात पाच टक्के असतं. एक प्लेट, तीन पट्ट्या, आणि निष्कर्ष तयार. मुलांचा दोष नाही. त्यांना कुणी पावसाळ्यात परत ये म्हणत नाही.

मालकांच्या मनात पहिला संशय यंत्राचा होता, आणि तो रास्त होता. फाउंड्रीच्या कामाची युटीएम, म्हणजे नमुना खेचून तोडायचं यंत्र, ४०० किलोन्यूटनची असते. २५ मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड पट्टी ४६ मेगापास्कलला तुटते म्हणजे भार होतो साधारण ३.७ किलोन्यूटन. यंत्राच्या आवाक्याच्या एक टक्काही नाही. जिथे गहू तोलायचा त्या वजनकाट्यावर केशर तोलल्यासारखं होतं ते. अशा यंत्रावरचा आकडा घेऊन लोक माझ्याशी वाद घालायला येतात, तेव्हा मी आधी त्यांना कॅलिब्रेशनच्या दाखल्यावरची खालची मर्यादा वाचायला लावतो. आमच्याकडे यासाठी १० किलोन्यूटनचा वेगळा लोडसेल, म्हणजे भार मोजणारा भाग आहे. एप्रिलची प्लेट त्यावरच खेचली होती. यंत्र सुटलं.

हूडच्या मधल्या सपाट भागातून पाच पट्ट्या काढल्या. पाण्याची धार असलेल्या चक्रीवर या कापायच्या नाहीत. कापताना उघडे पडलेले धागे तिथेच पाणी पितात. कोरड्या बारीक दातांच्या पात्याने कापून कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या. टोकांना टॅब, म्हणजे आधाराचे छोटे तुकडे चिकटवले, नाहीतर यंत्राचा जबडा पट्टीला चिरडतो, पट्टी जबड्यातच तुटते आणि तो आकडा धरता येत नाही. चाचणी एएसटीएम डी३०३९ या मानकाप्रमाणे, खेचण्याचा वेग मिनिटाला २ मिलिमीटर. आकडे आले ३१, २७, ३०, २६, ३१. सरासरी २९.

आकड्यापेक्षा खेचताना उमटलेल्या भाराच्या आलेखाचा आकार बोलका होता. एप्रिलच्या पट्ट्या तुटण्याआधी बारीक तडतडल्या होत्या, आलेख जवळजवळ सरळ चढला आणि खाड्कन पडला. या पट्ट्यांचा आलेख लवकर वाकला आणि माथा गाठल्यावर लांब शेपूट काढत हळूहळू खाली आला. शेपूट म्हणजे धागे तुटत नव्हते, रेझिनमधून ओढून निघत होते. तुटलेलं तोंड स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरलं. एप्रिलच्या तुकड्यात धागे मुळापाशी, मिलिमीटरभरावर तुटलेले, अंगाला रेझिनच्या खपल्या चिकटलेल्या. हूडच्या तुकड्यात पाच-सहा मिलिमीटर लांब, स्वच्छ, नुकतेच विंचरल्यासारखे धागे. समोरच्या तोंडावर त्यांनी सोडलेली गोल बिळं. बिळांच्या आतल्या भिंती गुळगुळीत. आणि धाग्याच्या कडेने दुधाळ पांढरा पट्टा, त्यात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, मण्यांच्या माळेसारखे ओळीने.

आता इथे एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. काचेच्या मॅटचा तुकडा असता तर मफल फर्नेसमध्ये जाळून टाकला असता. रेझिन जळतं, काच उरते, काच तोलली की धागा किती होता ते कळतं. वाख रेझिनबरोबरच जळून जातो. तयार मालातून धाग्याचं प्रमाण मागे जाऊन काढायचा तो सोपा रस्ता इथे बंद आहे. म्हणून साच्यात घालताना तोललेलं वजन हाच एकमेव आधार, आणि ते वजनच खोटं असेल तर पुढचं सगळं गणित खोटं.

घनता मात्र काढता येते. हवेत तोलायचं, पाण्यात तोलायचं. पाण्यात सोडल्यावर आकडा लगेच टिपावा लागतो, कारण थांबलं की कडांतून पाणी शिरून वजन सरकू लागतं. पृष्ठभागाला हवेचा फुगा चिकटू नये म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब. हूडचा तुकडा भरला १.१३. एप्रिलचा उरलेला तुकडा १.२०. रेझिन १.२ आणि धागा १.४ धरला तर कोरी, बिनपोकळीची प्लेट १.२३ च्या आसपास यायला हवी. म्हणजे एप्रिलच्या मालात दोन-तीन टक्के पोकळी, हूडमध्ये आठ टक्के. धाग्याची १.४ ही घनताही हातचं राखून धरायची. वाखाचा प्रत्येक धागा आतून पोकळ नळ्यांचा जुडगा असतो, त्यात रेझिन किती शिरलं त्यावर हिशेब थोडा हलतो. पण आठाचे तीन होणार नाहीत.

बारकॉल टेस्टरने कडकपणा घेतला. नीट सेट झालेलं पॉलिएस्टर ३५ च्या वर दाखवतं. इथे १८, २२, १९. ॲसिटोनचा बोळा घासला तर पृष्ठभाग चिकट झाला. नाकाने सकाळी सांगितलं ते खरं होतं.

दुपारी वर्कशॉपला गेलो. रिपोर्ट टेबलावर बसून लिहिता येतो, पण मूळ कारण तिथे सापडत नाही. पत्र्याची शेड, बाहेर संततधार, आत दोरीवर टाकलेला पांढुरका वाख. तीन दिवस वाळतोय, असं तिथल्या मामांनी सांगितलं. हात लावला तर खरंच कोरडा लागत होता. हाताला वनस्पतीचा धागा दहा टक्के पाण्यालाही कोरडा लागतो आणि पंधरालाही. तागाच्या व्यवहारात तर १३.७५ टक्के ओल गृहीत धरूनच वजन करतात, आणि त्या गाठी कुणाला ओल्या वाटत नाहीत.

गोणीतून बरोब्बर १०० ग्रॅम वाख आणला आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. तासातासाला तोलला. वजन हलायचं थांबलं तेव्हा काटा ८६.५ वर होता. ट्रे तसाच काट्यावर राहू दिला, मालकांना बोलावलं आणि म्हटलं, फक्त आकडे बघा. खिडकी उघडी होती, बाहेर पाऊस. शेवटचा अंक स्थिर राहीचना. ८६.७. ८६.९. कुणी काही टाकत नव्हतं, काही हलत नव्हतं, तरी अंक चढत होता. दहा मिनिटांनी ८८.४. अर्ध्या तासाने ९०.८. खोलीतल्या हवेतून चार ग्रॅमांहून जास्त पाणी त्या मूठभर वाखाने आमच्या डोळ्यांदेखत ओढून घेतलं. मालक काट्यावरून नजर काढेनात. इतकी वर्षं हे काम करतो, तरी त्या अर्ध्या तासाइतकं स्पष्ट मलाही कधी दिसलं नव्हतं.

आता हे पाणी काय करतं? ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या प्लेटला आपण ८० ग्रॅम धागा घालतो. तो असा ओला असेल तर धागा ६९ ग्रॅम आणि पाणी ११ ग्रॅम. धागा कमी पडला हा तोटा लहान; २० टक्क्यांचे १७ टक्के झाले, एवढ्याने ४६ चे २९ होत नाहीत. खरी हानी पाणी करतं. रेझिन सेट होताना तापतं, त्या उष्णतेत धाग्यातली ओल वाफ होऊन बाहेर पडू बघते आणि धाग्याच्या अंगालगतच अडकते. तीच ती मण्यांची माळ. शिवाय कोबाल्ट आणि हार्डनरची जी क्रिया रेझिनला पक्कं करते, तीही पाण्याने मंदावते. जिथे चिकटायचं नेमकं तिथेच रेझिन कच्चं राहतं. बोल्टच्या भोकाशी भार एकवटतो, कच्चा भाग तिथे पहिल्यांदा सुटतो. भोक पाडल्यावर आतले कापलेले धागे उघडे पडतात, त्यातून पावसाचं पाणी आणखी आत.

मामांनी यावर आपला उपाय केला होता. पावसात माल लवकर सेट होत नाही म्हणून हार्डनर वाढवायचा. रेझिनच्या दीड-दोन टक्क्यांऐवजी झाकणाने, अंदाजे. हा उपाय शेडोशेड चालतो आणि त्याने वरची पापडी लवकर धरते, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पण हार्डनर पातळ करायला त्यात जे तेलकट द्रव्य असतं तेही तेवढंच वाढतं आणि माल मऊ राहतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की मामा, मापाचा प्याला ठेवा, आणि जांभळं कोबाल्ट व हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. दुसरी गोष्ट त्यांना माहीत होती. पहिली त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पंधरा वर्षं रेझिनमध्ये हात असलेल्या माणसाला डेटाशीट दाखवायची तसदी कुणी घेत नाही, आणि माल फुटला की पहिलं बोट त्याच्याकडे.

निघताना कॉस्टिकच्या टाकीजवळ थांबलो, आणि इथे प्रकरण माझ्या हातून निसटलं ते आजतागायत.

एप्रिलची प्लेट मालकांनी स्वतः केली होती. मूठभर वाख, लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक, तीन तास भिजवणं, मग नळाखाली धूत राहणं, शेवटी व्हिनेगरच्या फिक्या पाण्यातून काढून पुन्हा धुणं. कॉस्टिक धाग्यावरचं मेण आणि डिंकासारखा भाग काढतं, पृष्ठभाग खरबरीत होतो, रेझिनला पकड मिळते. चार हूडांना साडेसहा किलो वाख लागला. तो कामगारांनी टाकीत बुडवला आणि दोन पाण्यांतून काढला. दोनच. किलोला वीस लिटर धरलं तरी एका धुण्याला एकशे तीस लिटर पाणी होतं. आणखी चार वेळा कोण धुणार? गोणीतला वाख शुद्ध पाण्यात भिजवून पीएच पट्टी लावली. साडेनऊ.

म्हणजे धाग्यात ओल तर होतीच, कॉस्टिकचा उरलेला क्षारही होता. क्षार पॉलिएस्टरची साखळी तोडतो, पाणी असेल तर अधिकच. धाग्याभोवतीचं कच्चेपण पाण्याचं की कॉस्टिकचं?

मालकांच्या डोक्यावर दोन हूडांची भरपाई होती, दिवाळीआधीची ऑर्डर होती. आम्ही सगळ्या चुका एकदम दुरुस्त केल्या. वाख पीएच पट्टी सातवर येईपर्यंत धुतला. रात्रभर ८० अंशांत वाळवला, गरम असतानाच पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर बांधला, पिशवी उघडल्यापासून पंधरा मिनिटांत रेझिनखाली गेला पाहिजे असा नियम केला. हार्डनर काट्यावर. साच्यातून निघालेली प्लेट ८० अंशांत चार तास. नव्या पट्ट्या ४३ ला तुटल्या, बारकॉल ३८, घनता १.१९. एप्रिलच्या ४६ शी तुलना करता तीनचा फरक पट्टी-पट्टीतल्या चढउतारात बसतो. मालक समाधानाने गेले. पण कोणत्या चुकीने किती खाल्लं ते मला सांगता येत नाही, आणि त्या गोणीतला वाख संपला.

एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली, ती त्यांना आवडली नाही. आखूड कातरून सगळ्या दिशांना पसरलेला वीस टक्के वाख पॉलिएस्टरची ताणातली ताकद वाढवत नाही. नुसतं चांगलं रेझिन ५० ला तुटतं, कधी जास्त. काचेच्या मॅटचं हूड याच्या दुप्पट भरतं. वाख जे देतो ते वेगळं: ताठपणा थोडा वाढतो, रेझिन कमी लागतं, आणि दणका बसल्यावर काचेच्या भांड्यासारखे तुकडे न होता चीर धाग्यांत अडकते. हे खरे गुण आहेत आणि ते विकता येतात. ताकद हवी असेल तर धागे लांब ठेवून एका दिशेत मांडावे लागतील, आणि मग आडव्या दिशेचं काय ते बघावं लागेल. पण त्यांच्या छापील पत्रकात वाकण्याच्या चाचणीचा ७४ "मजबुती" म्हणून मोठ्या अक्षरात आहे. दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबून वाकवताना पूर्ण ताण फक्त पट्टीच्या बाहेरच्या कातडीला बसतो, म्हणून तो आकडा नेहमीच ताणाच्या आकड्याहून देखणा दिसतो. बोल्टच्या भोकाला त्याचा उपयोग नाही.

आणि माझ्या रिपोर्टातला ४६ तरी कशाचा होता? नियमाप्रमाणे २३ अंश, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवून खेचलेल्या पट्टीचा. खानापूरच्या पावसात चार महिने उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरचा नव्हे. म्हणून नव्या प्लेटच्या काही पट्ट्या पाण्यात टाकल्या. उघड्या कडांच्या पट्टीने चोवीस तासांत वजनाच्या ४.२ टक्के पाणी घेतलं, कडांना रेझिन लावलेल्या पट्टीने १.४. तीस दिवसांनी उघड्या कडांच्या पट्ट्या खेचल्या: ४३ चे ३१. तशाच काही पुन्हा पूर्ण वाळवून खेचल्या: ३६. पाणी गेलं तरी ताकद सगळी परतत नाही, कारण फुगलेला धागा आक्रसताना रेझिनपासून सुटतो आणि ती फट भरून निघत नाही. आता वनस्पतीच्या धाग्याच्या मालाचा रिपोर्ट मी दोन रकान्यांत देतो, कोरडा आणि भिजलेला, दुसरा मागितला नसला तरी. दोघा गिऱ्हाइकांनी दुसरा रकाना काढून द्या म्हणून सांगितलं. दिला नाही.

हूडच्या भोकांत मालक आता आधी ब्रशने रेझिन फिरवतात, मग रबरी वॉशर घालून बोल्ट कसतात. नव्या सहांपैकी एकही अजून परत आलेलं नाही.

माझ्याकडे एक काम उरलं आहे. चार प्लेटा करायच्या: धुतलेला-वाळवलेला वाख, धुतलेला-ओला, दोन पाण्यांचा-वाळवलेला, दोन पाण्यांचा-ओला. हार्डनर चारही वेळा सारखा. त्यासाठी त्याच बांधावरच्या घायपाताचा दोन किलो वाख मागवून घेतला आहे. प्लेटा लॅबमध्ये करायच्या नाहीत. शेडमध्ये, पाऊस चालू असताना, मामांच्याच हातून करायच्या. मामांनी हो म्हटलं आहे. मृग लागला की गोणी घेऊन जातो.